काडीच्या माणसाला खुबा नसतो

पी.टी.च्या मास्तरला दिवाळी अंकात लिहायला कोणी सांगत नाही. मराठीच्या मास्तरांना सांगतात, इतिहासाच्यांना सांगतात. आमच्याकडे फार तर अंकांचे गठ्ठे उचलायला माणसं मागायला येतात. या वर्षी मात्र संपादक स्वतः घरी आले. ते माझेच विद्यार्थी. नववीत लंगडी खेळताना हात मोडून घेतला होता, तेव्हा मीच त्यांना सायकलवर पुढे बसवून दवाखान्यात नेलं होतं. म्हणाले, "सर, तुमच्या त्या चिनी कवायतीबद्दल लिहा. जरा गमतीदार लिहा." लिहितो. त्यात गंमत आहे, पण ती लवकर संपते, एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

आमचा धंदा बाहेरच्यांना सोपा वाटतो. शिट्टी गळ्यात अडकवली की झाला पी.टी. मास्तर. शाळेत आमचा तास ही सार्वजनिक मालमत्ता असते. परीक्षा जवळ आली की गणितवाले नेतात, गॅदरिंग आलं की नाचवाले नेतात, आणि मंत्री येणार असले की पोरं रस्त्याच्या कडेला उभी करायला आम्हालाच बोलावतात. एवढं सगळं नेऊन जे उरतं त्यात आम्ही ओळी लावतो. ओळ लावणं हेच आमचं शास्त्र. हात अंतरावर, नजर समोर, सावधान, विश्राम, दहिने मूड. पोराने वळायचं ते उजव्या टाचेवर आणि डाव्या चवड्यावर, गुडघे ताठ, कमरेखालचं सगळं एका लाकडाचं असल्यागत. दोनशे पोरं एका ठोक्यात वळली की मैदानावर जो आवाज होतो, त्यासाठी मी नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल. माझा आवाज मैदानापलीकडच्या जिनिंगपर्यंत जायचा. तिथले हमाल कापसाच्या गाडीवर उभे राहून आमची कवायत बघायचे. जळगावात तेव्हा माझ्या ओळी नावाजलेल्या होत्या, आणि मला ते माहीत होतं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला सासुरवाडीला गेलो होतो. अनारसा खाताना दाढ ठणकायला लागली. मेहुण्याने आग्रा रोडवरच्या चिनी डॉक्टरांकडे नेलं. धुळ्यात त्यांना सगळे चिनी डॉक्टरच म्हणायचे. त्यांचा बाप कलकत्त्याहून मुंबईला आणि मुंबईहून कसा कोण जाणे धुळ्याला आला होता. दाताची कला बापाकडून मुलाकडे आलेली. बोलायचे हिंदी, तेही आपल्या बसस्टँडवरचं. त्यांनी दाढ उपटली, कापूस दाबायला दिला आणि अर्धा तास बसून राहा म्हणाले. मागच्या अंगणात जाऊन ते स्वतः काहीतरी करायला लागले. मी तोंडात कापूस धरून दारातून बघत राहिलो.

साठीचा माणूस. अंगात गंजीफ्रॉक, खाली पट्टापट्टीचा पायजमा. अंगणभर इतक्या हळू फिरत होता की पाय उचलला केव्हा आणि टेकला केव्हा हे कळत नव्हतं. मी पंधरा वर्षं माणसांना हलवून पोट भरत होतो, पण असं हललेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्याला ताय ची म्हणतात हे त्यांनी नंतर सांगितलं. मी तिथेच म्हणालो, मला शिकवा. दुखऱ्या तोंडाने म्हणालो, म्हणून त्यांना दोनदा विचारावं लागलं.

सुट्टीचे दहा दिवस मी रोज सकाळी गेलो. दहाच्या दहा दिवस त्यांनी मला उभं केलं. गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं आणि खुबा उघडायचा, खुबा मिटायचा. बस. हे काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथे जांघेत एक घडी असते. उजव्या पायावर वजन घेऊन अंग उजवीकडे वळवलं की उजव्या जांघेतली घडी खोल होते, खुबा मिटतो, आणि डावीकडचा उघडतो. परत येताना उलट. वळतो तो खुबा. गुडघा वळत नाही, तो नुसता पायाच्या बोटांच्या रेषेत थांबतो. आणि ज्या पायावर वजन आहे त्याचं पाऊल कधी वळवायचं नाही. आधी वजन दुसऱ्या पायावर ओतायचं, पाय रिकामा करायचा, मग वळवायचा.

डॉक्टर आपली कापसाची लहान वळी, दातात ठेवतात ती, माझ्या जांघेच्या घडीत ठेवायचे. "पकड़ो. हाथ से नहीं." खुबा नीट मिटला तर कापूस धरला जातो, नाहीतर पडतो. माझा पडायचा. दहाव्या दिवशी दोनदा राहिला. मी पुढचं शिकवा म्हणून मागे लागलो. ते म्हणाले, "मास्टर, साल भर यही करो. फिर आना."

साल भर. मला हसू आलं. मी मास्तर माणूस, सहा दिवसांत लेझीम बसवणारा. निघायच्या आधी मी त्यांना एकच विनंती केली, की तुमचं सगळं एकदा माझ्यासमोर करून दाखवा. त्यांनी दाखवलं, माझ्या आग्रहाखातर आणखी तीन सकाळी दाखवलं, आणि मी वहीत उतरवून घेतलं. पी.टी.वाल्यांची एक पद्धत असते, काडीचा माणूस काढायची. डोकं म्हणजे वाटोळं, धड म्हणजे एक रेघ, हाताच्या दोन, पायाच्या दोन. बाजूला आकडे. कितीही अवघड कवायत आम्ही अशी दोन पानांत बसवतो. ही सात पानं झाली. बसमध्ये मी ती वही उघडून बघत होतो आणि अंमळनेर येईपर्यंत मला सगळं पाठ झालं होतं.

काडीच्या माणसाला खुबा नसतो. धडाची रेघ संपते तिथून पायाच्या दोन रेघा निघतात, मध्ये काही नाही. हे माझ्या ध्यानात यायला नऊ वर्षं लागली.

चार महिन्यांत मी वर्ग काढला. शाळेच्या मैदानावर, सकाळी साडेपाचला, मोठ्या माणसांसाठी. मोठी माणसं तेव्हा व्यायामाला येत नसत. आली तर हातात तांब्या नसला की लोक वळून बघायचे. पण आमच्याकडे यायला लागली, कारण मी त्यांना ओळीत उभं केलं आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार. माणसाला मोजलेलं फार आवडतं. बँकेतला कॅशिअर आला, दोन पेन्शनर आले, एक भांड्यांचे व्यापारी आले, त्यांना फक्त पोट कमी करायचं होतं. ते दर आठवड्याला विचारायचे, "सर, चिनी लोके जाड नसतात ना?" वळायच्या जागा आल्या की मी वहीप्रमाणे सांगायचो, दहिने मूड. सगळे वळायचे. टाचेवर आणि चवड्यावर, एका ठोक्यात. फरक एवढाच की शाळेतल्या पोराचे गुडघे ताठ असतात आणि पायावर भार नसतो. इथे गुडघे वाकलेले, अख्ख्या अंगाचं वजन त्यावर, आणि मी वरून हुकूम देत होतो.

दुसऱ्या वर्षी अक्का आल्या. त्या प्रसूतिगृहात नर्स होत्या, मूळच्या धरणगावकडच्या. वय पन्नाशीला एक जास्त. उभं राहून राहून कंबर धरली होती म्हणून आल्या. ड्यूटीच्या आधी यायच्या, पांढरी साडी नेसूनच, पदर खोचून. जळगावची अर्धी पोरं त्यांच्या हातावर जगात आलेली. रस्त्याने जाताना कॉलेजातली धटिंगण पोरं त्यांना बघून सायकलवरून उतरायची. महिनाभरात त्यांची कंबर मोकळी झाली. खरंच झाली, ते श्रेय मी सोडत नाही. त्यांनी सगळ्या दवाखान्यात सांगितलं आणि माझ्या वर्गात बायकांची ओळ सुरू झाली, जी त्या काळात मोठीच गोष्ट होती.

एके दिवशी वर्ग संपल्यावर त्या थांबल्या.

"सर, एक इचारू का? राग नका येऊ द्या."

"विचारा की अक्का."

"आमी बाळतीनले पाय मोकया कराले सांगतस. तठे खुबा फिरस, गुडघा नही. मी तीस वरीस तेच पाही ऱ्हायनू. आठे तं बठ्ठं गुडघावरच फिरी ऱ्हायनं. हाई बरोबर शे का?"

आता हे लिहिताना हात थांबतो. त्या बाईने खुब्याचं शास्त्र आयुष्यभर हाताने केलेलं होतं, आणि तिने मला नेमकं तेच सांगितलं जे डॉक्टर कापसाची वळी ठेवून सांगत होते. मला त्या क्षणी ती वळी आठवली होती. खोटं कशाला बोलू. आठवली, आणि पाठोपाठ हेही आठवलं की पुढच्या महिन्यात सव्वीस जानेवारीचं प्रात्यक्षिक आहे आणि दोनशे माणसं तयार झाली आहेत. मी वही काढून अक्कांना दाखवली. म्हणालो, "हे बघा, चिनी पद्धत अशीच आहे. बाळंतपण वेगळं, हे वेगळं."

अक्कांनी काडीचा माणूस बघितला. बराच वेळ बघितला. मग वही परत दिली आणि म्हणाल्या, "तुमी सांगतस तसंच करसू मी. तुमी शिकेल शेतस."

दुसरे रशीदभाई. पिंजारी. गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. खांद्याला अडकवलेली पिंजण दिवसभर चालवून खांदा दुखायचा म्हणून आले. हा माणूस मोजणीच्या तालात कधीच सापडला नाही. सगळे तीनवर वळायचे, हे चारवर पोहोचायचे. बरं, वळताना आधी मागे झुकायचे, पाय हलका करायचे, पाऊल ठेवायचे आणि मग वळायचे. ओळीत एक खड्डा पडल्यासारखं दिसायचं. मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर म्हणालो, "रशीदभाई, ओळ!"

ते शांतपणे म्हणाले, "सर, पाँव पे वजन है, तो घूमेगा कैसे?"

मी शिट्टी वाजवली. पी.टी. मास्तरला उत्तर सुचलं नाही की तो शिट्टी वाजवतो. त्यांना शेवटच्या ओळीत उभं केलं, आणि सव्वीस जानेवारीला तर वगळलंच. त्यानंतर ते आले नाहीत. मला बरं वाटलं. ओळ सरळ दिसायला लागली.

ते प्रात्यक्षिक झालं. दोनशे माणसं, पांढरे कपडे, मुलकी आणि पोलिसांतली बडी मंडळी खुर्च्यांवर, आणि माझा आवाज. दहिने मूड म्हटलं आणि चारशे गुडघे एका ठोक्यात वळले. टाळ्या वाजल्या. आयुष्यातला सर्वात अभिमानाचा दिवस कोणता असं कोणी विचारलं असतं तर मी कैक वर्षं तोच सांगितला असता. आता डोळे मिटले की मला फक्त ते गुडघे दिसतात.

त्या नऊ वर्षांत मी धुळ्याला अनेकदा गेलो, पण आग्रा रोडवरून कधी गेलो नाही. सासरे म्हणायचे, जावईबापू गल्लीबोळातून का येतात. वर्षभराने ये म्हणणाऱ्या माणसाला चार महिन्यांत वर्ग काढल्याचं कसं सांगायचं, म्हणून. दात दुखले तर मी जळगावातच उपटून घ्यायचो. एकदा तर चांगला दातच उपटला गेला.

मग माझा उजवा गुडघा धरला. आतल्या बाजूने. संडासात बसताना कळ यायची, आणि उठताना नळाला धरावं लागायचं. वय असेल म्हणून सोडून दिलं. पण कॅशिअरचाही आतल्या बाजूनेच दुखत होता. दोन पेन्शनरांपैकी एकाचाही. भांडीवाल्यांनी वर्ग सोडला होता, ते दुकानात गादी सोडून स्टुलावर बसायला लागले होते. आणि अक्का. अक्कांचे दोन्ही. प्रसूतीच्या खोलीत रात्ररात्र उभ्या राहणाऱ्या अक्कांना तासभर उभं राहणं होईना, म्हणून त्यांना बाळंतपणाच्या कामावरून काढून नोंदींच्या टेबलावर बसवलं. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं गादी झिजली, वय झालं. निवृत्त व्हायच्या आधीची दोन वर्षं त्यांनी एकही मूल हातात घेतलं नाही. शेजारच्या खोलीत बाळ रडलं की त्या लिहायचं थांबवायच्या, असं तिथल्या एका आयाने मला सांगितलं. तरी सकाळी वर्गाला येत राहिल्या, गुडघ्यांना पट्ट्या बांधून. मी त्यांना मागे उभं राहून करा म्हणालो तर म्हणाल्या, व्यायाम सोडला तर आणखी आखडेल.

त्र्याण्णवमध्ये, अक्का निवृत्त होऊन मुलाकडे धुळ्याला राहायला गेल्या त्याच वर्षी, मी शेवटी आग्रा रोडवर गेलो. चिनी डॉक्टर सत्तरीच्या घरात होते. दात उपटायचं काम पोराकडे होतं, ते अंगणात बसलेले. मला ओळखलं. बस म्हणाले नाहीत, "दिखाओ" म्हणाले.

मी दाखवलं. सातही पानं. माझ्या मते उत्तम केलं. ते उठून आत गेले, कापसाची वळी आणली, माझ्या उजव्या जांघेत ठेवली आणि म्हणाले, "घूमो."

मी वळलो. कापूस लगेच खाली पडला.

त्यांनी वाकून तो उचलला. त्यांचं ते वाकणं मी बघत होतो, जांघेतून घडी पडल्यासारखं, गुडघे जागच्या जागी. मग म्हणाले, "कितने लोगों को सिखाया?"

मी म्हणालो, मोजले नाहीत. ज्याने आयुष्यभर मोजण्याशिवाय काही केलं नाही, त्याने हे उत्तर दिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मोरीवर जाऊन हात धुवायला लागले, दात काढल्यावर धुवायचे तसे, साबण लावून. पाठमोरेच म्हणाले, "घुटना वापस नहीं आता, मास्टर. दाँत तो मैं नया लगा देता हूँ."

जळगावला परत आल्यावर मी वर्गाला खरं सांगायचा प्रयत्न केला. सगळं सांगायचं धाडस नव्हतं. म्हणालो की वळायच्या पद्धतीत थोडी सुधारणा करतो आहोत. मोजणी बंद केली. आधी पाय रिकामा, मग वळण, प्रत्येकाने आपापल्या वेळात. आठ दिवसांत ओळी मोडल्या. मैदानावर माणसं जत्रेत चुकल्यासारखी उभी असायची. कॅशिअर म्हणाले, "सर, आता या वयात नवीन काढू नका. आम्हाला ते पाठ झालंय." त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात स्वतः मोजायला सुरुवात केली आणि माझे लोक एक एक करून तिकडे गेले. पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे कोणी उरलं नाही. त्यांच्याकडे होते.

रशीदभाईंकडे गेलो होतो. दुकान तेच. सत्तरीला आलेला माणूस पिंजण घेऊन कापूस पिंजत उभा होता, अंग डावी-उजवीकडे वळत होतं, पाय भरत होता, रिकामा होत होता. मी उंबऱ्यावर उभा राहून अर्धा तास बघितलं. जे शिकायला मला धुळ्याच्या चिनी माणसाकडे जावं लागलं, ते माझ्या शेवटच्या ओळीत उभं होतं. मी म्हणालो, "रशीदभाई, तुमचं बरोबर होतं."

ते म्हणाले, "मैंने तो बोला था, सर. आपने सीटी बजा दी." आणि मला बसायला नवीन भरलेली गादी दिली. जमिनीवर. मला बसता आलं नाही.

ज्याने माझं ऐकलं नाही त्याचे गुडघे शाबूत राहिले. जिने ऐकलं तिचे गेले. तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की मास्तर सांगतो ते ऐकावं.

अक्कांना सांगायचं राहिलं होतं. मी पत्र लिहिलं, की एक महत्त्वाचं बोलायचं आहे, येतो. दसरा होऊन गेला होता. देवपुरातला त्यांच्या मुलाचा पत्ता शोधत गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "अक्का देऊळना आवारमा शेतस, त्यासना वर्ग शे ना." मला काही कळलं नाही. मी देवळाकडे वळलो आणि कोपऱ्यावरूनच ऐकू आलं. एक, दोन, तीन, चार. दहिने मूड.

तीसेक बायका होत्या. ओळी सरळ, हात अंतरावर, नजर समोर. पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर अक्का बसलेल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, हातात माझ्या वहीची नक्कल. त्यांनी ती कधी उतरवून घेतली मला माहीत नव्हतं. सात पानं, काडीची माणसं. पहिल्या ओळीत त्यांची सून होती, तिशीची असेल, सर्वांत पुढे, सर्वांत खाली बसून, सर्वांत जोरात वळणारी. भरलेल्या पायावर.

अक्कांनी मला पाहिलं आणि खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागल्या. मी बसा बसा म्हणत धावलो.

"ह्या मना सर," त्या बायकांना म्हणाल्या. "हाई बठ्ठं यासनी शिकाडेल शे. मनी कंबर यासनी बरी करी."

बायका ओळीने पाया पडायला लागल्या. मी नको नको म्हणत होतो. वाकताना त्यांच्यातल्या दोघींनी गुडघ्याला हात लावला, आतल्या बाजूला. मी ते पाहिलं. मला तेव्हा सांगता आलं असतं. तिथेच, सगळ्यांसमोर, एका वाक्याचं काम होतं.

"मोजा ना सर," अक्का म्हणाल्या. "कितला दिन व्हयनात तुमना आवाज ऐकीसन."

मी बायकांकडे बघितलं. सगळ्या उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. जळगावात माझं मैदान रिकामं झालं होतं. सहा महिन्यांत मला कोणी मोज म्हणालं नव्हतं. मी मोजायला सुरुवात केली. दहिने मूड म्हणालो तेव्हा आवाज देवळाच्या भिंतीवर आपटून परत आला, आणि मला बरं वाटलं. हे मला लिहिलंच पाहिजे. मला बरं वाटलं.

वर्ग संपल्यावर अक्कांच्या घरी गेलो. सुनेने चहा केला. अक्का पलंगावर पाय लांब सोडून बसल्या, पाट्याशी आणि पाटावर बसायचं कधीच सुटलं होतं. म्हणाल्या, "सर, काही सांगाले येल व्हतात ना तुमी?"

"नाही. सहज आलो होतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वही बघितली होती तसंच. मग गुडघ्यावरची पट्टी सारखी करत, मला सोपं व्हावं म्हणूनच असेल, म्हणाल्या, "ह्या गुडघासकडे नका पाहू. वयच शे ते सर. साठी वनी मनी. दुखीच."

मी म्हणालो, "हो. वय झालं की होतंच."

चहा पिऊन मी निघालो. सून दारापर्यंत सोडायला आली. उंबरा उतरताना तिने भिंतीला हात लावला.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. अक्कांचे डोळे आता गेले आहेत. वर्ग सून चालवते, साठ-सत्तर बायका येतात असं ऐकतो. माझी वही मी जाळली, त्याने काही झालं नाही, तिच्या नकला धुळ्यात घरोघर आहेत. हा अंक अक्कांच्या घरी दर दिवाळीला जातो आणि सून त्यांना पहिल्या पानापासून वाचून दाखवते, हे मला संपादकांनी बोलता बोलता सांगितलं. तेव्हा मी लिहायला होकार दिला.

तर सूनबाई, इथपर्यंत वाचत आला असाल तर थांबू नका. तुम्हाला वाईट वाटेल, तरी मोठ्याने वाचा, त्यांना नीट ऐकू जाईल असं. अक्का, ते वय नव्हतं.